‘मांजर आलं’ की ‘एक मांजर आलं’? : चिनी मुलं गोष्ट सांगायला कशी शिकतात



‘चित्र बघा, गोष्ट सांगा’ हा उपक्रम आपण सगळेच घेतो. चित्रं समोर ठेवली की एखादं मूल घडाघडा बोलायला लागतं. दुसरं मात्र “हा इथे आहे. मग तो पडला. मग तो पळाला. मग तो आला,” एवढ्यावर थांबतं. कोण पडला, कोण पळाला, ऐकणाऱ्याला काही पत्ता लागत नाही.

काही वर्षांपूर्वी पहिलीतल्या अशाच एका मुलाच्या नावापुढे मी ‘गोष्ट सांगता येत नाही’ असा शेरा लिहिला होता. त्याच्या आईने तो वाचला आणि घरी त्याला रागावलं. पुढचे कितीतरी दिवस चित्र दिसलं की तो मान खाली घालायचा. तो शेरा चुकीचा होता हे मला उशिरा कळलं, आणि गंमत म्हणजे ते कळलं चिनी मुलांविषयी वाचताना.

तुम्ही म्हणाल, चिनी मुलांचा आपल्या वर्गाशी काय संबंध? संबंध असा. आपली भाषा आपल्याला इतकी सवयीची असते की तिच्यातली अवघड जागा दिसतच नाही. चिनी भाषेची घडण मराठीहून फार वेगळी आहे. तिथलं मूल कुठे अडखळतं हे पाहिलं की आपलं मूल कुठे अडखळतं आणि का, हेही दिसायला लागतं. (या लेखात चिनी म्हणजे मँडरिन. चिनी उच्चार देवनागरीत जवळपासचेच लिहिता येतात, तेवढं समजून घ्या.)

गोष्ट सांगण्यात दोन कामं असतात

गोष्ट सांगताना मूल एकाच वेळी दोन कामं करत असतं.

पहिलं काम म्हणजे गोष्टीचा सांगाडा उभा करणं. कुठे घडलं, कोण होतं, त्याला काय हवं होतं, त्याने काय केलं, शेवटी काय झालं.

दुसरं काम म्हणजे जोडकाम. नवं पात्र कसं आणायचं, जुन्याचा उल्लेख कसा करायचा, आधी-नंतर कसं दाखवायचं, ‘म्हणून’ आणि ‘कारण’ कुठे घालायचे.

२०१२ मध्ये ‘मेन’ नावाची एक चाचणी तयार झाली. तिच्यात सहा-सहा चित्रांच्या चार छोट्या गोष्टी आहेत आणि ती अनेक भाषांतल्या मुलांसाठी वापरली जाते. मँडरिनमध्येही ती उपलब्ध आहे. या चाचणीत सांगाडा आणि जोडकाम वेगवेगळं तपासतात. आपण वर्गात नेमकं उलटं करतो. जोडकाम कच्चं दिसलं की सांगाडाही नाही असं धरून चालतो. मी तेच केलं होतं.

तीन वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंत

मर्सर मेयर या अमेरिकन चित्रकाराचं १९६९ चं एक पुस्तक आहे. त्यात एकही शब्द नाही, नुसती चित्रं. एका मुलाने बरणीत बेडूक ठेवलेला असतो. रात्री तो निसटतो. सकाळी मुलगा आणि त्याचा कुत्रा त्याला शोधायला निघतात. वाटेत मधमाश्या, घुबड, हरीण अशा भानगडी होतात आणि शेवटी बेडूक त्याच्या कुटुंबासोबत सापडतो. ही ‘बेडकाची गोष्ट’ जगभरच्या भाषा-संशोधकांनी मुलांकडून सांगून घेतली आहे. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी १९९४ मध्ये पाच भाषांतल्या मुलांच्या गोष्टींवर एक मोठं पुस्तक काढलं. पुढे इतर अभ्यासकांनी चिनी मुलांकडूनही हीच गोष्ट ऐकली.

सगळीकडे दिसलेली वाट साधारण अशी :

- तीन वर्षांचं मूल चित्रावर बोट ठेवून सांगतं : हा कुत्रा, हे झाड, हा पडला. प्रत्येक चित्र त्याच्यासाठी वेगळं असतं.
- पाच वर्षांचं मूल चित्रं एकमेकांना जोडतं. ‘मग’ची साखळी तयार होते. पण अख्ख्या गोष्टीचा धागा, म्हणजे ‘ते बेडकाला शोधताहेत’, मध्येच सुटतो.
- नऊ वर्षांच्या सुमारास मूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो धागा धरून ठेवतं आणि प्रत्येक प्रसंग त्याला बांधतं.

म्हणजे “मग तो पळाला, मग तो आला” ही पायरी आहे, दोष नव्हे. चिनी मुलंही तिथूनच जातात. त्यांचा ‘मग’ म्हणजे ‘रान्हौ’. चीनमधल्या कुठल्याही बालवाडीत गोष्ट ऐकायला बसा, दर वाक्याला ‘रान्हौ, रान्हौ’ ऐकू येईल. तिथल्या बाईंनाही तो शब्द आपल्या ‘आणि मग’इतकाच छळत असणार!

नवं पात्र आणायचं कसं?

आता जोडकामातली पहिली अवघड जागा बघू.

माया हिकमान आणि हेन्रिएट हेंड्रिक्स यांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि चिनी मुलांना छोट्या चित्रमालिका दिल्या. त्यांतली एक गोष्ट अशी : घरट्यात पिलं आहेत. पक्षीण उडून जाते. एक मांजर येतं आणि झाडावर चढायला लागतं. तेवढ्यात एक कुत्रा येऊन त्याची शेपटी ओढतो. पक्षीण परत येते. महत्त्वाची अट ही, की ऐकणाऱ्याला चित्रं दिसत नव्हती. म्हणजे सगळं शब्दांनीच सांगायचं.

अशा वेळी मोठा माणूस म्हणतो, “तेवढ्यात एक मांजर आलं.” त्या ‘एक’मुळे ऐकणाऱ्याला कळतं, हे नवीन पात्र आहे. लहान मूल थेट म्हणतं, “मांजर आलं.” ऐकणारा गोंधळतो. कुठलं मांजर? त्याच्याबद्दल आधी काही सांगितलं होतं का?

चिनीत हे दोन प्रकारे सांभाळावं लागतं.

एक, ‘एक’ म्हणताना नुसतं ‘एक’ चालत नाही. आकडा आणि नाम यांच्यामध्ये एक मोजशब्द घालावा लागतो. मांजरासाठी ‘ज’, माशासाठी किंवा सापासारख्या लांबट गोष्टीसाठी ‘थ्याओ’, कागदासारख्या सपाट वस्तूसाठी ‘जांग’, पुस्तकासाठी ‘बन’. आपण ‘चार जण’, ‘तिघी जणी’ म्हणतो ना, तसंच काहीसं, पण जवळपास प्रत्येक वस्तूला. लहान मुलं सुरुवातीला सगळीकडे ‘ग’ हा सर्वसाधारण मोजशब्द लावून वेळ मारून नेतात. बोलताना मोठेही तो सर्रास वापरतात. नेमके मोजशब्द हळूहळू, वर्षानुवर्षं येत राहतात.

दोन, शब्दांचा क्रम. ‘माओ लाय ल’ म्हणजे ‘(ते) मांजर आलं’, आपल्याला माहीत असलेलं. ‘लाय ल यी ज माओ’ म्हणजे ‘आलं एक मांजर’, नवीन. क्रियापदाच्या आधी ओळखीचं, नंतर अनोळखी. आपणही रंगात येऊन “तेवढ्यात आलं एक मांजर!” म्हणतो, पण आपल्याला ती हौस आहे. चिनीत ती कथा सांगण्याची नेहमीची रीत आहे.

आता निष्कर्ष बघा. चारही भाषांत नव्या पात्राची ओळख नीट करून देणं मुलांना साधारण सातव्या वर्षाच्या आसपास जमायला लागतं. शब्दक्रमाने नवेपणा दाखवणं तर चिनी मुलांत त्याहूनही उशिरा पक्कं होतं. ‘एक’ हा शब्द मुलाला दोन-तीन वर्षांचं असतानाच येतो. मग इतका उशीर का? कारण इथे शब्द येणं पुरेसं नाही. ‘मला दिसतंय ते समोरच्याला दिसत नाहीये’ हे बोलता बोलता सतत लक्षात ठेवावं लागतं. हे ओझं कुठल्याही भाषेत सारखंच जड असतं.

सहा वर्षांच्या मुलाकडून आपण त्याची अपेक्षा करतो आणि वर शेरा मारतो!

‘था’ म्हणजे नेमकं कोण?

आता अशी जागा, जिथे मराठी मुलाला भाषेची आयती मदत मिळते.

वरची गोष्ट मराठीत सांगताना आपण म्हणू, “ती उडून गेली. मग ते झाडावर चढलं. मग त्याने त्याची शेपटी ओढली. मग ती परत आली.” इथे ‘ती परत आली’ म्हटल्याबरोबर कळतं, पक्षीण आली. मांजर असतं तर ‘ते आलं’, कुत्रा असता तर ‘तो आला’. आपली लिंगव्यवस्था क्रियापदापर्यंत पोचते आणि कोण कुठलं ते सांभाळून घेते. फक्त ‘त्याने त्याची’ इथे आपणही अडकतो, कारण ‘तो’ आणि ‘ते’ दोघांचं ‘त्याने’च होतं.

चिनीत बोलताना तो, ती, ते या तिघांना एकच शब्द : ‘था’. लिहिताना चिन्हं वेगळी असतात, कानाला मात्र फरक कळत नाही. क्रियापदही बदलत नाही. शिवाय, कोण ते संदर्भाने कळत असेल तर ‘था’सुद्धा गाळून टाकायची पद्धत आहे. ‘उडून गेली, परत आली’ अशी आपणही कर्ता गाळतो, पण आपल्या ‘गेली’मध्ये ‘ती’ लपलेली असते. चिनीत काहीच लपलेलं नसतं.

म्हणून चिनी मुलाला एक वेगळी शिस्त शिकावी लागते. पात्र बदललं की नाव पुन्हा घ्यायचं. तेच पात्र चालू असेल तर ‘था’ म्हणायचं किंवा काहीच म्हणायचं नाही. पाच वर्षांच्या चिनी मुलाच्या गोष्टीत ‘था’ कुठला हे कळलं नाही, तर गोष्ट त्याच्या डोक्यात नाही असं नव्हे. ती डोक्यात आहे, फक्त नावांचा हिशोब अजून जमलेला नाही.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याच्या घरी मराठी बोलत नव्हते. आपल्या राज्यात गोंडी, कोरकू, पावरी, भिली अशा भाषा बोलणाऱ्या घरांतून कितीतरी मुलं मराठी शाळेत येतात. मराठीतलं ‘तो-ती-ते’चं जाळं ज्या मुलाच्या अंगवळणी पडलेलं नाही, ते सगळ्यांना ‘तो’ म्हणून मोकळं होतं. त्याचं ‘तो पडला, तो पळाला, तो आला’ हे तीन वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल होतं! गोष्ट त्याला पूर्ण कळली होती. मी एकदाही विचारलं नाही, “तो म्हणजे कोण रे?”

भूतकाळाशिवाय भूतकाळातली गोष्ट

चिनी क्रियापदाला आपल्यासारखे काळ नाहीत. ‘जातो, गेला, जाईल’ असं रूप बदलत नाही. मग गोष्ट कशी सांगतात?

काळाऐवजी क्रियेची अवस्था दाखवणारे छोटे शब्द असतात. ‘ल’ लागला की क्रिया पूर्ण झाली. आधी ‘ज़ाय’ आला की क्रिया चालू आहे. ‘ग्वो’ म्हणजे हा अनुभव पूर्वी कधीतरी येऊन गेलेला आहे. यांतला ‘ल’ मुलं फार लवकर, दोन वर्षांच्या सुमारासच बोलायला लागतात, आणि तोही पडलं, तुटलं, संपलं अशा लगेच पूर्ण होणाऱ्या क्रियांना आधी लावतात.

‘हे सगळं पूर्वी घडलं’ हे मात्र सुरुवातीलाच सांगून टाकायचं असतं. त्यासाठी ‘त्सुंगछ्येन’ हा शब्द आहे. ‘त्सुंगछ्येन यौ यी ग…’ म्हणजे आपलं ‘फार पूर्वी एक… होता’. एकदा हा दरवाजा उघडला की पुढची सगळी क्रियापदं त्याच काळात धरायची. पुढचा क्रम ‘आधी’, ‘नंतर’, ‘तेवढ्यात’, ‘शेवटी’ अशा शब्दांनी सांभाळायचा. सुरुवातीला एकटा ‘रान्हौ’ सगळी कामं करतो. वय वाढतं तसे ‘जेव्हा’, ‘कारण’, ‘म्हणून’ येतात आणि घटनांची रांग बदलून कारणांची साखळी होते. ‘मांजर पळालं’ आणि ‘कुत्र्याला घाबरून मांजर पळालं’ यांत हाच फरक आहे.

घरातल्या गोष्टी : तैपेई आणि शिकागो

भाषेइतकाच फरक घरामुळे पडतो. पेगी मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैपेई आणि शिकागो इथल्या मध्यमवर्गीय घरांत जाऊन, अडीच वर्षांपासूनच्या मुलांसमोर आणि मुलांसोबत रोज कोणत्या गोष्टी बोलल्या जातात ते टिपलं.

दोन्हीकडे मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगितले जात होते. पण तैपेईच्या घरांत मुलाने केलेली चूक हा नेहमीचा विषय होता. काय झालं, त्यात काय चुकलं, कसं वागायला हवं होतं, असा प्रवास होऊन गोष्ट शिकवणुकीवर संपायची. शिकागोच्या घरांत मुलाच्या चुका शक्यतो बाजूला ठेवल्या जायच्या. गंमत, कौतुक, मुलाचा स्वभाव यांवर भर असायचा.

ची वांग यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत तीन वर्षांची चिनी आणि अमेरिकन मुलं आणि त्यांच्या आया यांच्या गप्पांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकन आया प्रसंग फुलवत नेत होत्या : मग तुला काय वाटलं, तू काय म्हणालास? चिनी आयांचा कल वागण्याच्या नियमांकडे अधिक होता. अमेरिकन मुलं साहजिकच जास्त बारकावे सांगत होती.

इथे घाई करू नका. ‘अमेरिकन आई चांगली, चिनी आई कडक’ असा अर्थ काढला तर चूक होईल. मुलाची चूक त्याच्यासमोर गोष्ट म्हणून सांगणं ही तिथली माया करण्याचीच एक रीत आहे. दुसऱ्या शतकातल्या खुंग रोंगची गोष्ट तिथे लहान मुलांना आजही सांगतात. चार वर्षांचा असताना त्याने मोठी नासपती इतरांसाठी ठेवून स्वतः सगळ्यात छोटी घेतली. गोष्टीतून वळण लावायचं, ही परंपरा आपल्याही आजी-आजोबांना परकी नाही.

मुद्दा असा, की मूल घरी जशी गोष्ट ऐकतं तशीच ते सांगतं. ज्याच्या घरी गोष्ट म्हणजे ‘घडलं काय आणि शिकलो काय’, ते मूल थोडक्यात सांगून तात्पर्यावर येणार. ज्याच्या घरी गोष्ट म्हणजे रंगवणं, ते लांबण लावणार. लांब गोष्ट म्हणजे चांगली गोष्ट, हे माप सगळ्यांना लावता येत नाही.

चिनी बालवाडीत काय करतात

चीनमध्ये तीन ते सहा वर्षांची मुलं बालवाडीत असतात : लहान वर्ग, मधला वर्ग, मोठा वर्ग. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१२ मध्ये या वयासाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात भाषेच्या अपेक्षा वयानुसार दिल्या आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाने ऐकलेली छोटी गोष्ट पुन्हा सांगावी. चार-पाचच्या मुलाने पाहिलेलं, अनुभवलेलं बऱ्यापैकी पूर्ण सांगावं. पाच-सहाच्या मुलाने एखादा प्रसंग क्रमाने, सलग सांगावा, अर्धवट गोष्टीचा पुढचा भाग रचावा. मुलाला सांगायची घाई होऊन ते अडखळलं तर त्याला सावकाश बोलू द्यावं आणि धीराने ऐकावं, असंही तीत सांगितलेलं आहे.

गोष्टींची निवडही बघण्यासारखी आहे. ‘छोटे बेडूकमासे आईला शोधतात’ ही तिथली लाडकी गोष्ट. शांघायच्या स्टुडिओने शाईच्या चित्रांच्या शैलीत तिचा ॲनिमेशनपटही केला. बेडूकमासे एकेका प्राण्याला विचारत जातात. कुणी आईची एक खूण सांगतं, कुणी दुसरी. प्रसंग तोच, पात्र नवं. अशा गोष्टीत मुलाला सांगाडा आयता मिळतो आणि नवं पात्र आणण्याचा सराव पुन्हा पुन्हा होतो. पुढे पहिली-दुसरीत ‘चित्र बघून लिहा’ हा स्वाध्याय येतो. आधी तोंडी, मग लेखी.

आपण काय करू शकतो?

चिनी पद्धत उचलून आणा, असं मी म्हणत नाही. पण एवढं करून बघा.

१. चित्र लपवा. सांगणाऱ्या मुलाच्या हातात चित्र द्या. ऐकणाऱ्यांना ते दिसू देऊ नका. दोघांसमोर चित्र असताना ‘हा पडला’ म्हणणं अगदी बरोबर आहे. नाव घ्यायची गरजच नसते. गरज तयार करा, मग भाषा येते.

२. चूक काढण्याआधी विचारा. “तो म्हणजे कोण?” “कुठलं मांजर?” हे प्रश्न कुतूहलाने विचारा, परीक्षकाच्या आवाजात नको.

३. ‘मग’वर रागावू नका. ‘मग’ म्हणजे मुलाला क्रम कळला. पुढच्या पायरीसाठी “का बरं पळालं?” एवढंच विचारा. ‘म्हणून’ आपोआप येईल.

४. पुनरावृत्तीच्या गोष्टी निवडा. एकामागून एक प्राणी भेटत जाणाऱ्या गोष्टी आपल्याकडेही भरपूर आहेत.

५. नोंद दोन रकान्यांत ठेवा. एकात सांगाडा (कोण, काय हवं, काय केलं, काय झालं), दुसऱ्यात जोडकाम. पहिला भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर त्या मुलाला गोष्ट येते. भाषा यायची आहे.

६. घरची भाषा चालू द्या. गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगू द्या, मग मराठीत. सांगाडा एकदा उभा राहिला की तो भाषा बदलल्याने मोडत नाही.

७. पालकांनो, रोज दहा मिनिटं. “शाळेत काय केलं?” याला “काही नाही” हेच उत्तर मिळतं. “आज मधल्या सुट्टीत तू पडलास म्हणे, मग काय झालं?” असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी मी पुन्हा चित्रं दिली. या वेळी माझी पाठ त्याच्याकडे होती. “सांग, मला दिसत नाहीये,” म्हटलं. तो म्हणाला, “एक कुत्रा होता.” मग थोडं थांबून, “आणि एक मांजर. दुसरं.” गोष्ट फार मोठी नव्हती, पण कोण पडलं, कोण पळालं आणि का, सगळं मला पाठमोरं उभं राहून कळलं.

जुना शेरा मी खोडला. त्याच्या आईला बोलावून तेही सांगितलं. तुमच्या नोंदवहीत असा एखादा शेरा असेल, तर उद्या त्या मुलाकडे पाठ करून उभे राहा आणि त्याला गोष्ट सांगायला सांगा.